मातृभाषेचा रकाना

हुडकेश्वर, नागपूर
११ जानेवारी २०२६

धम्मा, जयभीम.

फोन सोडून पत्र काय लिहायला बसली ही बाई, असं म्हणशील. तेहतीस वर्षं पोस्टात दुसऱ्यांची पत्रं हाताळली, आता स्वतःचं एखादं टाकायला मला हरकत नसावी. शिवाय फोनवर मी ओरडते, तू 'ताई, मीटिंगमध्ये आहे' म्हणून ठेवून देतोस आणि माझं अर्धं भांडण घशातच राहतं. पत्राला मीटिंग सांगता येत नाही.

आधी आईची खबर. लकवा मारल्याला आज चोवीस दिवस झाले. उजवा पाय थोडा उचलते, हात अजून नाही. तोंडाचा उजवा कोपरा ओघळलेलाच आहे. बोलणं मात्र शून्य. आपण बोललेलं तिला सगळं समजतं, डोळे लगेच फिरतात, पण शब्द येत नाही. पहिले तीन महिने फार मोलाचे, जे परत यायचं ते बहुतेक याच काळात येतं, असं डॉक्टर पुन्हा बजावून गेले.

तू जाताना सक्करदऱ्याच्या ज्या केंद्रात तिचं नाव घालून गेलास, तिथे मी तिला रोज ऑटोने नेते. अदिती नावाची बोलायला शिकवणारी पोरगी आहे, असेल सव्वीस-सत्तावीसची. ती आईसमोर चित्रांचे पत्ते धरते आणि म्हणते, "अम्माजी, देखिए, यह क्या है? यह से-ब है. बोलिए, से-ब." आई खिडकीबाहेर बघते. मग, "यह कं-घी है." आई पंख्याकडे बघते. पाऊण तास हेच. सफरचंदाचं ते चकचकीत चित्र बघून मलाच आता मळमळतं.

मी न राहवून विचारलं, "मॅडम, हिंदी में काहे को?" तर म्हणते, "फाइल में यही लिखा है, आंटी." म्हणजे बघ. नागपुरात, काटोलच्या बाईला, कुणी एक फाइल हिंदी ठरवून टाकते आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. भाजीवाल्याशी हिंदी, ऑटोवाल्याशी हिंदी, आता मेंदू फाटलेल्या माणसाशीही हिंदी. मला शिसारी आली आहे या गावाची.

तू मोठा अधिकारी, त्यातून भाषांवर पुस्तक लिहिणारा. त्या केंद्राला एक कडक पत्र लिही. तुझ्या लेटरहेडवर लिही, म्हणजे जाग येईल.

ताई


दिल्ली
२० जानेवारी २०२६

प्रिय ताई, जयभीम.

पत्र मिळालं. तुझा संताप समजतो, पण त्यात फार तथ्य नाही असं मला वाटतं.

माझं पुस्तक भाषांवर नाही, स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी सामान्य ज्ञानाचं आहे. त्यातलं नववं प्रकरण तेवढं 'जगातील सर्वाधिक बोलल्या जाणाऱ्या भाषा' हे. तो तक्ता मला झोपेतही म्हणता येतो. इंग्रजी सुमारे दीडशे कोटी, चिनी एकशे अठराच्या आसपास, हिंदी साठ, मग स्पॅनिश, मग अरबी. मराठी दहा कोटींच्या अलीकडे-पलीकडे, पहिल्या पंधरा-वीसांत कुठेतरी. ज्या भाषेला माणसं जास्त, तिला साधनं जास्त. डॉक्टर जास्त, पत्ते जास्त, चाचण्या जास्त. उपचार करणाऱ्यांना हे कळतं, म्हणून ते हिंदी वापरत असतील. प्रत्येक केंद्राचं काहीतरी धोरण असतं.

आणि आईला हिंदी परकी कधीपासून झाली? वीस वर्षं काटोलच्या बाजारात संत्र्यांचा ढीग लावून बसली. उत्तरेकडचे व्यापारी आले की त्यांच्या तोंडाला फेस आणायची, आठवतं ना? ती तिला येते.

त्या पत्त्यांवरच्या चित्रांचा मलाही वीट येतो. आपल्याकडच्या असल्या संस्थांत सगळंच बेचव आणि उसनं असतं. पण आत्ता भांडण नको. मी त्यांना लिहितो सवडीने. तू रोज घेऊन जात राहा.

प्रशिकची वार्षिक परीक्षा जवळ आली आहे. आजीला नमस्ते सांगायला सांगितलं आहे त्याने.

तुझा,
धम्मानंद


हुडकेश्वर, नागपूर
८ फेब्रुवारी २०२६

धम्मा,

मी आईच्या तोंडाचं लिहिलं आणि तू मला कोटी पाठवलेस. तुझं पत्र वाचून मी ते कपाटावर फेकलं, माझ्या रोशनीने काढून परत हातात दिलं.

व्यापाऱ्यांशी ती हिंदी बोलायची, खरं आहे. भाव बोलायची. माल उतरवून घ्यायची. तुला ताप आला होता तेव्हा तुझ्या उशाशी बसून ती हिंदी बोलत होती का? बाप मेला तेव्हा हिंदीत रडली का? एवढंही तुला मी सांगायचं असेल तर तुझ्या त्या नवव्या प्रकरणाला आग लाव.

आता नीट वाच, कारण मागचा आठवडा फार विचित्र गेला. मंगळवारी संध्याकाळी रोशनीने नेहमीसारखी मेणबत्ती लावली आणि वंदना म्हणायला लागली. आईला खुर्चीत बसवलेलं होतं. 'बुद्धं सरणं गच्छामि' ला पोरगी पोचली आणि मागून आईचा आवाज आला. स्वच्छ. ओघळलेल्या तोंडातून सगळं त्रिशरण, मग पंचशील, एकही अक्षर न गाळता. रोशनी थांबली तरी आई थांबली नाही, शेवटपर्यंत म्हणाली. आम्ही दोघी तिच्या गळ्यात पडलो. मी म्हटलं, "माय, पानी देऊ का वं?" तिने माझ्याकडे पाहिलं, ओठ हलवले, आणि पुन्हा काही नाही. पाणीही मागता येईना. मग ती रडली, डाव्या डोळ्याने जास्त.

दुसऱ्या दिवशी अदितीला सांगितलं. ती म्हणाली असं होतं. वर्षानुवर्षं पाठ केलेलं डोक्यात वेगळ्या जागी असतं, ते गाण्यासारखं आपोआप बाहेर येतं. स्वतःच्या मनातलं सांगायला लागतं ते बोलणं वेगळं, आणि ते अजून जागचं हललेलं नाही. सात आठवडे झाले, चाचणीत प्रगती नाही, असं तिने कागदावर लिहून दिलं.

तुझ्या तक्त्यात वंदनेच्या या पालीला किती कोटी रे? कुणाच्या घरी बोलतात ती? आणि आईच्या तोंडात तीच तेवढी उरली आहे.

केंद्राला पत्र लिहिलंस की नाही, ते एका ओळीत कळव. उरलेल्या ओळी नकोत.

नंदिनी


दिल्ली
१७ फेब्रुवारी २०२६

प्रिय ताई,

रोशनीने पाठवलेला व्हिडिओ मी ऑफिसात बसून सहा वेळा पाहिला. दार लावून रडलो. आई बोलते आहे! त्या कालच्या पोरीच्या चाचण्यांवर जाऊ नकोस. तिला काय कळतं? पाली आली, उद्या बाकीचंही येईल. जे चाललं आहे तेच चालू द्यावं. मध्येच भाषा बदलली तर आईचा गोंधळ होईल.

तुला वाटतं मी हे सगळं वरवर घेतो. तसं नाही. तो फॉर्म भरताना मी दहा वेळा विचार केला होता.

प्रशिकने मोबाइलवर हिंदी शब्द शिकवणारं एक ॲप शोधलं आहे, चित्रं हलतात, आवाज येतो. रोशनीला पाठवलं आहे. वापरून बघा.

धम्मानंद


हुडकेश्वर, नागपूर
९ मार्च २०२६

धम्मानंद,

'तो फॉर्म भरताना.' तू हे वाक्य लिहिलंस आणि बहुतेक परत वाचलंही नाहीस.

मी केंद्रात गेले आणि आईची फाइल मागितली. पहिलंच पान. मातृभाषा: हिंदी. घरी बोलली जाणारी भाषा: हिंदी. इतर भाषा: इंग्रजी. खाली तुझी सही. तुझा 'ह' मला शेकडो पाकिटांतून वेगळा काढता येईल, त्याची शेपटी तू चौथीपासून तशीच ओढतोस. मराठी कुठेच नाही. तिसऱ्या रकान्यातही नाही. आई इंग्रजी बोलते, असं तू लिहिलंस! जिला सही करताना जन्मभर जीभ बाहेर काढावी लागली, ती.

आणि मी दोन महिने त्या केंद्राला, त्या पोरीला, सगळ्या नागपूरला शिव्या घातल्या. तू वाचत होतास आणि 'प्रत्येक केंद्राचं धोरण असतं' म्हणून मला लिहीत होतास. मला तुझी किळस आली, धम्मा. हे मी रागात लिहीत नाही. राग येऊन गेला. उलटी होऊन गेल्यावर तोंडात जी चव राहते ना, ती आहे आता.

माझ्याही वाट्याचं सांगते, कारण लपवणं तुझ्यापाशी भरपूर झालं आहे. फाइल वाचता वाचता माझ्या तोंडातून निघालं, "माय वं, ह्यानं तर माह्या मायले परकीच करून टाकलं." अदिती दचकून माझ्याकडे बघायला लागली. म्हणाली, "आंटी, तुम्ही मराठी आहे?" मी म्हटलं, "मंग कोन आहो?" तर ती म्हणते, "पन तुम्हीच तर माह्याशी पह्यल्या दिवसापासून हिंदीत बोलून राहिल्या नं! तुम्ही विचारलं हिंदी काहून, तर मले वाटलं तुमाले इंग्रजी पाहिजे. सगळे तेच मागतेत." ती उमरेडची आहे. घरी जाऊन आपल्या आजीशी ती आपल्यासारखीच बोलते.

खरं आहे तिचं. काउंटरवर कुणी इस्त्रीचे कपडे घालून बसलेलं दिसलं की माझी जीभ आपोआप हिंदीवर जाते. हिंदीविरुद्ध तक्रार केली तीही हिंदीतच. दोन महिने दोन उमरेड-काटोलच्या बाया एकमेकींना 'आप' म्हणत होत्या आणि मध्ये आई मुकी बसली होती. मला माझीही घाण वाटली.

अदितीने पत्ते खणात टाकले. आईसमोर खाली बसली आणि म्हणाली, "आजी, मी चुकली वं. तुमी काहून नाई मले दोन कानाखाली हानल्या?" आईने मान वळवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या पोरीच्या तोंडाकडे पाहिलं.

शब्द आला तो चार दिवसांनी, आणि तो अदितीला नाही मिळाला. हाताचे व्यायाम घेणाऱ्या दुर्गेशने दंड जरा जास्त पिळला, तशी आई म्हणाली, "मुडद्या!" चाळीस वर्षांचा बाप्या, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळं केंद्र गोळा झालं.

पण तीन महिने होत आले. जे दिवस गेले ते गेले, असं डॉक्टरही म्हणाले. किती येईल ते आता सांगता येत नाही. का केलंस हे? मला कोटी सांगू नकोस.

नंदिनी


दिल्ली
१८ मार्च २०२६

ताई,

तुझं पत्र खिशात घेऊन चार दिवस फिरलो. कोटी सांगत नाही.

तुझी शाळा मुलींची, तुला माहीत नसेल. पाचवीत असताना मराठीच्या गुरुजींनी मला उभं करून विचारलं, काल का आला नाहीस? मी म्हटलं, "मले ताप आला होता." त्यांनी मला बाकावर चढवलं आणि 'मला, तुला, त्याला' शंभरदा म्हणायला लावलं. प्रत्येक वेळी वर्ग हसायचा. पुढे माझं चुकेना झालं तरी हसायचे, कारण कोणत्या वस्तीतून मी येतो ते सगळ्यांना माहीत होतं. घरी येऊन मी आईशी बोललो नाही. तिने विचारलं, "काहून रे बापू?" आणि मला तिच्या त्या 'काहून'चाच राग आला.

केंद्राच्या काउंटरवर फॉर्म पुढे आला तेव्हा मागे तीन-चार माणसं उभी होती, बरे कपडे घातलेली. 'मराठी' लिहिलं असतं तर आईसमोर पुस्तकी मराठीचे पत्ते आले असते आणि तिचं प्रत्येक 'मले' कुणीतरी दुरुस्त केलं असतं. लकवा झालेल्या आईला त्या बाकावर चढवायचं नव्हतं मला. हिंदी मोठी आहे, तिच्यात कुणीही खपून जातं, कुणी कुणाला हसत नाही. असा विचार केला. इंग्रजी का लिहिली ते मलाही सांगता येत नाही. दिल्लीला आल्यापासून प्रत्येक फॉर्मवर मी तेच दोन शब्द लिहितो, हात आपोआप गेला.

तुला किळस आली, मलाही आली आहे. दाढी करताना आरशात बघवत नाही.

चौदा एप्रिलला आम्ही तिघंही येतो. चार दिवस राहू. मला तिच्या तोंडून एक शब्द ऐकायचा आहे. शिवी दिली तरी चालेल.

धम्मा


हुडकेश्वर, नागपूर
२१ एप्रिल २०२६

धम्मा,

तुम्ही गेलात त्याला चार दिवस झाले. रोज लिहायला बसते आणि उठते. आज लिहूनच टाकते.

तू आलास त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत आईचे चाळीसेक शब्द झाले होते. मी वहीत लिहून ठेवते. पानी, भाकर, नोको, बस, मुडद्या, रोशनी, चाल, काहून. कधी दोन जोडून. भाजीवाल्या बाबारावला दारातून म्हणाली, "सडके भेदरं." तो टमाटे बदलून देऊन गेला. म्हणून मी तुला फोनवर एवढ्या हौसेने म्हटलं होतं, ये, आई बोलते.

आणि तू दारात उभा राहिलास तशी तिने तोंड मिटलं. चार दिवस. तू पाय धरलेस, बोलली नाही. तू 'माय, मी धम्मा, ओळखलं का?' म्हणालास, बोलली नाही. जयंतीच्या दिवशी पांढरं लुगडं नेसवलं, वंदना झाली, त्यातही ओठ हलले नाहीत. मला वाटलं रुसली. मग वाटलं, वाकड्या तोंडाची लाज वाटते तिला तुमच्यासमोर. तू अदितीशी इंग्रजीत बोलत होतास ते मला आवडलं नाही, पण सवय आहे तुझी, सोड. प्रशिकच्या गालावर तिने ओठ टेकले आणि पोराने लगेच खिशातून तो ओला कागद काढून गाल पुसला. लाळ लागली होती, मान्य. पण तिने पाहिलं रे. मला त्या क्षणी त्या पोराला उचलून बाहेर ठेवावंसं वाटलं. तेव्हा बोलले नाही, आता लिहिते.

पुढचं लिहायला जड जातं आहे. तुमची ऑटो कोपऱ्यावरून वळली. मी फाटक लावून आत आले. आई खुर्चीतच होती. माझ्याकडे बघून तिने विचारलं, हळूच, अगदी जपून, "गेले का पाव्हने?"

मी म्हटलं, "माय, पाव्हना कोनचा? धम्मा होता नं वं. तुहा धम्मा." ती पुन्हा म्हणाली, "गेले का पाव्हने?" मी हो म्हणेपर्यंत विचारत राहिली. हो म्हटलं, तशी तिने मोठा श्वास सोडला आणि म्हणाली, "पानी." मग संध्याकाळभर सगळे शब्द परत आले, एकेक.

अदितीला सांगितलं. तिने मान हलवली आणि फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. म्हणाली, रोजची माणसं राहतात, दूरची पुसली जातात, असंही होतं कधी. धम्मा, आई तुला ओळखत नाही. तिच्या लेखी तू पाव्हना आहेस. तुझ्यावर मी एवढी तोंड टाकून बोलले, पण हे तुला सांगताना मला काहीही आनंद होत नाही. मनाला लावून घेऊ नकोस. ती आजारी आहे.

ताई


दिल्ली
२७ एप्रिल २०२६

ताई,

आई मला ओळखते. तू अदितीला ते फाइलमधून खोडायला सांग. माझ्यामुळे त्या फाइलमध्ये आधीच पुष्कळ खोटं लिहिलं गेलं आहे.

मागच्या पत्रात मी गुरुजींचं लिहिलं. ते खरं आहे, पण ते सोयीचं खरं होतं. त्यात मीच बाकावर होतो. आता गैरसोयीचं लिहितो.

बारा वर्षांपूर्वी आई दिल्लीला माझ्याकडे आली होती, तुला आठवत असेल. महिनाभर राहायचं म्हणून आली आणि अकराव्या दिवशी परत गेली. दिल्लीची थंडी सोसली नाही असं मी तुला कळवलं होतं. तिनेही तेच सांगितलं असणार. थंडी नव्हती, ताई. ऑक्टोबर होता.

माझी बढती झाली होती. वरच्या साहेबांना आणि आणखी दोघांना सपत्नीक जेवायला बोलावलं होतं. आदल्या दिवशी शेजारीण आली होती आणि आई तिच्याशी भरभरून बोलली होती, हातवारे करत. शेजारीण हसून मला म्हणाली, आपकी माताजी कौन-सी भाषा बोलती हैं? मला पुन्हा तो बाक आठवला. मी आईला स्वयंपाकघरात गाठलं आणि म्हटलं, "माय, उद्या पाव्हने येनार हाय. ते जाईपर्यंत तू बोलू नोको. मी त्यायले सांगतो, तुहा घसा बसला म्हनून." तिच्याशी बोलायला मला तीच भाषा लागली, हे बघ. तिला गप्प बसायला सांगायलाही.

तिने विचारलंसुद्धा नाही, काहून. मान हलवली. दुसऱ्या दिवशी हात जोडून सगळ्यांना वाढलं, एक शब्द न बोलता. साहेबांच्या बायकोने तिच्या घशासाठी काढा सुचवला. तिने हसून मान डोलावली. जेवणं झाल्यावर आतल्या खोलीत जाऊन पलंगाच्या काठावर बसली. पाव्हने गेले. मी खूश होतो, आवराआवर करून झोपलो. तिला सांगायचं विसरलो.

सकाळी सातला चहा घेऊन आत गेलो तर ती तशीच बसली होती, कालच्याच लुगड्यात. माझ्याकडे बघून हळूच, अगदी जपून म्हणाली, "गेले का पाव्हने?"

मी हसलो, ताई. मला गंमत वाटली. ऑफिसात ही गोष्ट मी विनोद म्हणून सांगितली आहे, गावाकडची आई म्हणून. दोनदा सांगितली. लोक हसले. त्यानंतर ती माझ्या घरात फारसं बोललीच नाही आणि पाच-सहा दिवसांनी तिकीट काढून दे म्हणाली.

म्हणजे चौदा तारखेला दारात मला पाहून तिने तोंड मिटलं ते ओळख गेली म्हणून नाही. चाळीस शब्द मोठ्या कष्टाने परत मिळवलेत, आणि मी समोर आल्याबरोबर तिने ते सगळे आत ठेवून दिले, कारण मी तसं सांगितलं होतं. मी सांगितलेलं ती अजून पाळते आहे. लकव्याने तिचं एवढं सगळं पुसलं, ते पुसलं नाही.

तुझी किळस खरी होती. मात्र ती चुकीच्या कागदावर खर्च झाली. फॉर्म ही पुढची गोष्ट. आईची बोलती बंद मी त्याच्या बारा वर्षं आधी केली होती.

या वेळी मी एकटा येणार आहे, रजा टाकली आहे महिन्याची. ती माझ्यासमोर बोलेल असं धरून चालत नाही. मी बाहेरच्या खोलीत बसेन, ती आत तुझ्याशी बोलेल ते ऐकेन. पण मी यायच्या आत खालच्या दोन ओळी तिला ऐकव. तुझ्या आवाजात नको, रोशनीच्याही नको. फोन लावून तिच्या कानाशी धर, मीच म्हणतो. माझा आवाज फुटला तर तू वाच.

माय, मी धम्मा बोलून राहिलो. सांगाचं राहूनच गेलं होतं तुले.
पाव्हने गेले वं. आता बोल.